जाऊन-येऊन एकच तिकीट की दोन सुटी? बेळगावकरांचा हिशेब थोडा वेगळा

बेळगाव : एसएसएलसी आणि पीयूसीच्या परीक्षांच्या तारखा लागल्या की शहरातल्या ट्रॅव्हल एजंटांकडे सुट्टीच्या चौकशा सुरू होतात. कुणाला दिल्ली-आग्रा करायचं असतं, कुणाचा मुलगा हैदराबादला, कुणाची लेक दुबईत. चौकशीबरोबर एक वाक्य ठरलेलं असतं : ‘जाऊन-येऊन एकत्रच काढा, म्हणजे स्वस्त पडेल.’ एजंट मान डोलावतो, दोन्ही तारखा टाकतो आणि जो आकडा येतो तो स्वस्त आहे असं समजून गिऱ्हाईक पैसे भरतं.

देशातल्या देशात उडायचं असेल तर हा समज आता जवळजवळ निराधार आहे. पूर्वी त्यात तथ्य होतं. २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली. तिचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ आपल्याच राज्यातले. तिच्यामागून आलेल्या स्वस्त विमान कंपन्यांनी दरेक फेरीचं भाडं वेगळं लावायला सुरुवात केली. जाण्याचं विमान वेगळं, त्यात उरलेल्या जागा वेगळ्या, म्हणून भाडंही वेगळं. येण्याचंही तसंच. ‘राऊंड ट्रिप’ म्हणून जो आकडा दिसतो ती फक्त दोन एकेरी भाड्यांची बेरीज असते. उदाहरणापुरतं धरा : जाण्याचे ४,२०० आणि येण्याचे ५,१०० असतील, तर एकत्र काढलं तरी ९,३०० आणि सुटं काढलं तरी ९,३००. पाच टक्के जीएसटीसुद्धा तेवढाच.

अपवाद आहेत. अधूनमधून एखादी कंपनी परतीच्या तिकिटावर सवलत जाहीर करते. ती खरी असते, पण तिच्या अटी वाचाव्यात. त्यातली एक फेरी रद्द केली तर दुसऱ्या फेरीवरची सवलतही बहुतेक वेळा जाते. दुसरा फरक कन्व्हिनियन्स फीचा. जिथे ती बुकिंगमागे लागते तिथे दोनदा बुकिंग म्हणजे दोनदा फी. जिथे माणशी, फेरीमागे लागते तिथे काहीच फरक नाही. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर हे कळतं, त्याआधी नाही.

म्हणजे भाडं सारखंच असेल तर तिकीट कसंही काढा, असं वाटेल. पण भाड्याचा प्रश्न सुटल्यावर उरतो तो नुकसानीचा प्रश्न. विमान रद्द झालं, बेत बदलला, कंपनीच बंद पडली, तर भुर्दंड कुणी सोसायचा? बेंगळुरू-दिल्लीसारख्या मार्गावर दिवसाला डझनांनी विमानं असतात, तिथे हा प्रश्न सौम्य असतो. सांबऱ्याहून एखाद्या शहराला दिवसातून एक किंवा आठवड्यातून काही दिवसच विमान असतं, तेही बऱ्याचदा पन्नास ते अठ्ठ्याहत्तर जागांचं. ते चुकलं की ‘पुढचं’ विमान म्हणजे दुसऱ्या दिवशीचं, नाही तर हुबळीचं किंवा गोव्याचं.

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो एका शब्दाने. ‘तिकीट सुटं काढलं’ म्हणताना लोक दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतात. एक म्हणजे जाणं आणि येणं वेगळं काढणं. दुसरी म्हणजे एकाच बाजूच्या प्रवासातले दोन टप्पे वेगळे काढणं. उदाहरणार्थ बेळगाव ते बेंगळुरू एका कंपनीचं आणि बेंगळुरू ते दिल्ली दुसऱ्या कंपनीचं, दोन पीएनआरवर.

पहिल्यात देशांतर्गत प्रवासाला फारसा धोका नाही. जाणं आणि येणं यांच्यामध्ये चार दिवस, आठ दिवस असतात. दुसऱ्यात मात्र मध्ये तीन तास असतात आणि सगळा खेळ त्या तीन तासांवर असतो. सांबऱ्याचं विमान धुक्याने, पावसाने किंवा आधीच्या फेरीच्या उशिराने दोन-अडीच तास लांबलं, तर दिल्लीच्या कंपनीच्या लेखी प्रवासी ‘आलाच नाही’. तिला पहिल्या कंपनीच्या उशिराशी देणंघेणं नाही. पहिली कंपनी म्हणते, आमचं काम बेंगळुरूपर्यंत पोचवण्याचं होतं, ते केलं. बॅगाही पट्ट्यावरून उतरवून घ्यायच्या, बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करायचं. हेच दोन टप्पे एका पीएनआरवर असतील तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

थोडक्यात, जाणं-येणं खुशाल तोडावं. जोड विमान तोडू नये. आणि पैसे वाचतात म्हणून तोडायचंच असेल तर मध्ये एक रात्र ठेवावी आणि तिचा लॉजचा खर्च हिशेबात धरावा. बऱ्याचदा तो धरल्यावर वाचलेले पैसे शिल्लक राहत नाहीत.

डिसेंबरने काय दाखवलं

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते, कंपनीची माणसांची जुळवाजुळव कमी पडली. देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त ज्या एकाच कंपनीने जातात, ती कोलमडल्यावर बाकीच्यांची भाडी आभाळाला भिडली. मग केंद्राला ६ डिसेंबरला कमाल भाडं बांधून द्यावं लागलं : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये. अडकलेले परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत द्या, असा आदेशही निघाला.

या आठवड्यात ‘एकत्र की सुटं’ याचा कस लागला. ज्याची दोन्ही तिकिटं त्याच कंपनीची होती, त्याचं जाणं रद्द झालं तरी परतीचं तिकीट फुकट जाण्याची भीती कमी होती. कंपनीने ५ ते १५ डिसेंबरच्या प्रवासासाठी रद्द करणं आणि तारीख बदलणं विनाशुल्क केलं होतं. लग्नाला पोचताच आलं नाही, तर येण्याचं तिकीटही परत करून पैसे मागता आले. ज्याने जाण्याचं इंडिगोचं आणि येण्याचं दुसऱ्या कंपनीचं काढलं होतं, त्याची गोष्ट उलटी. जाणं बुडालं, त्याचे पैसे आले. पण दुसऱ्या कंपनीचं विमान वेळेवर उडणार होतं, तिने पैसे का द्यावेत? ते तिकीट रद्द केलं तर नेहमीचं रद्द शुल्क कापूनच उरलेलं हाती येणार.

पण नाण्याची दुसरी बाजूही त्याच आठवड्याची आहे. जो आधीच दिल्लीत होता आणि ज्याची परत येण्याची फेरी त्याच कंपनीची होती, तो तिथेच अडकला. वेगळ्या कंपनीचं परतीचं तिकीट खिशात असलेला माणूस घरी आला. म्हणजे एकत्र तिकिटात पैसे जास्त सुरक्षित, सुट्या तिकिटात माणूस जास्त सुरक्षित. कुणाला काय महत्त्वाचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. सोमवारी ड्युटीवर हजर व्हायचंय त्याचा हिशेब सहलीला गेलेल्या कुटुंबासारखा नसतो.

रद्द उड्डाणाच्या भरपाईबाबत एक गैरसमज इथेच दूर व्हावा. परतीचं तिकीट असलं की भरपाई दुप्पट मिळते असं अनेकांना वाटतं. डीजीसीएच्या नियमात रक्कम फेरीगणिक आहे : वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा त्या फेरीचं मूळ एकेरी भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. ‘कमी असेल ती’ हे शब्द नीट वाचावेत. दोन हजारांत तिकीट मिळालं असेल तर पाच हजार कुणी देणार नाही. आणि कारण हवामानाचं किंवा कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर ही भरपाईही नाही, फक्त परतावा किंवा दुसरं विमान.

डिसेंबरची कंपनी निदान उभी राहिली. पडलेल्या कंपन्यांचा अनुभव याहून वाईट आहे आणि बेळगावला तो नवा नाही. उडान योजनेच्या तिसऱ्या फेरीत, २०१९ मध्ये, सांबऱ्याला बरेच मार्ग मिळाले. त्यात हैदराबादची विमानं चालवणारी ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. तीन वर्षांच्या अनुदानाची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही बरेच मार्ग गुंडाळले. त्याआधी २०१८ मध्ये इथली विमानं हुबळीला हलवली गेली, ते वेगळंच दुखणं. देशपातळीवर एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिकीटधारकाची गणना विनातारण धनकोंमध्ये होते. बँका, कर्मचारी, सरकार यांच्या मागे रांगेत त्याचा नंबर. तिथे दोन फेऱ्यांचे पैसे अडकवण्यापेक्षा एकाच फेरीचे अडकलेले बरे. ज्या कंपनीच्या अडचणींच्या बातम्या रोज येतायत, तिचं परतीचं तिकीट चार महिने आधी काढू नये, एवढं तारतम्य ठेवायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

चार विमानतळांच्या मधोमध

सुट्या तिकिटाचा खरा फायदा सीमाभागाला होतो तो भूगोलामुळे. सांबरा दहा-अकरा किलोमीटरवर. हुबळी आणि कोल्हापूर दोन्हीकडे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा घाट उतरून अडीच-तीन तासांवर, दाबोळी त्याहून थोडा पुढे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, खानापूरकराला हुबळी आणि गोवा दोन्ही सारखेच. इतके पर्याय पुण्या-मुंबईच्या माणसालाही नाहीत.

पण परतीचं तिकीट शोधताना मोबाईल डोळे मिटून गृहीत धरतो की जिथून निघालात तिथेच उतरणार. बेळगावहून जाऊन हुबळीला उतरलं तर स्वस्त पडेल की नाही, हे तो विचारल्याशिवाय सांगत नाही. दोन एकेरी शोध घेतले तरच ते दिसतं. सांबऱ्याहून ज्या दिवशी विमान नाही, त्या दिवशी मोप्याला हमखास असतं. शिवाय गोव्याला कंपन्याही जास्त, स्पर्धाही जास्त.

आता हिशेब. समजा मोप्याला उतरल्याने माणशी १,५०० रुपये वाचतात. चौघांचे ६,००० झाले. मोप्याहून बेळगावला टॅक्सीचे चार-साडेचार हजार धरले तरी दीड-दोन हजार हाती राहतात. तोच प्रवास एकट्याचा असेल तर १,५०० वाचवायला चार हजारांची टॅक्सी, म्हणजे शुद्ध तोटा. बसने आलं तर जमेल, पण रात्री दहाला उतरणाऱ्याने बसचा विचार करू नये. पावसाळ्यात चोर्ला आणि आंबोली या दोन्ही घाटांचा भरवसा किती, ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. कुटुंब असेल तर वेगळा विमानतळ, एकटा असेल तर सांबरा किंवा हुबळी, असा ढोबळ आडाखा चालतो.

बेंगळुरूच्या बाबतीत तर परतीचं विमान तिकीट काढण्याचं कारणच कमी झालं आहे. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत धावते. पहाटे निघून दुपारी पोचवते, दुपारी निघून रात्री घरी आणते. ज्याला सकाळी अकराची मीटिंग गाठायची आहे तो जाताना विमानाने जातो आणि येताना रेल्वेने येतो. पुण्याकडेही सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते, त्यामुळे पुण्याच्या विमानतळावर उतरून रेल्वेने घर गाठणं शक्य झालं आहे. परतीच्या विमान तिकिटात अडकलेल्याला हा पर्याय उरत नाही.

सणाचं भाडं हाही स्वतंत्र विषय. गणपती-दिवाळीला बेंगळुरू, हैदराबाद, पुण्याची आयटीतली मंडळी गावाकडे येतात, तेव्हा येण्याचं भाडं चढं असतं आणि उलट दिशेचं विमान त्या दिवशी रिकामं. रविवारी संध्याकाळी चित्र उलटतं. महाग फेरी आधी काढून ठेवावी, स्वस्त फेरी मागाहून काढली तरी चालते. एकत्र तिकिटात ही सवड मिळत नाही. तसंच चौघांचं तिकीट एकदम काढताना एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कमी भाड्याच्या दोनच जागा उरल्या असतील तर संगणक चौघांनाही वरचं भाडं लावतो. आधी दोघांसाठी शोधून पाहावं. फरक दिसला तर दोन-दोन करून काढावं. मात्र लहान मूल किंवा वयस्क असतील तर त्यांना एकटं वेगळ्या पीएनआरवर टाकू नये.

परदेशी जाताना नियम उलटतो

युरोप, अमेरिका, इंग्लंड इथे जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जुनी पद्धत अजून सोडलेली नाही. त्यांच्याकडे एकेरी तिकीट परतीच्या निम्म्याहून बरंच महाग असतं, कधी कधी तर पूर्ण परतीच्या तिकिटाएवढं. इथे ‘जाऊन-येऊन एकत्र’ हा जुना सल्ला अजून खरा आहे. पण त्याबरोबर एक अट येते : फेऱ्या क्रमाने वापरायच्या. जाण्याचं विमान सोडलं आणि थेट परतीच्या विमानाला उभं राहिलं, तर अनेक कंपन्यांकडे ते तिकीट आपोआप रद्द झालेलं असतं. आजारपणाने जाणं पुढे ढकललं तर कंपनीला आधी कळवून तारीख बदलून घेणं म्हणूनच महत्त्वाचं. न कळवता घरी बसणं सर्वांत महागात पडतं.

शिकायला जाणाऱ्या मुलांचं वेगळं. परतीच्या तिकिटाची मुदत सहसा एक वर्षाची, आणि विमानांची बुकिंगही अकरा-बारा महिन्यांपुढची उघडत नाही. दोन वर्षांच्या मास्टर्सला निघालेल्या मुलाला परतीचं तिकीट काढून देणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तो येणारच, यावर पैज लावणं. येणार हे नक्की असेल तर काढावं, तारीख बदलण्याचं शुल्क आधी विचारून.

आखातात मात्र एकेरी भाड्याचीच पद्धत रुळली आहे, कारण तिथे स्वस्त कंपन्याच जास्त. जुलैत तिथल्या शाळांना सुट्ट्या लागतात तेव्हा येणं महाग, ऑगस्टअखेर जाणं महाग. नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्याला एकेरी तिकीट पुरतं. भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्या आई-वडिलांकडे मात्र पक्कं परतीचं तिकीट लागतं. ते नसेल तर इथल्या विमानतळावरूनच परत फिरावं लागण्याची शक्यता असते. ते त्याच कंपनीचं असलं पाहिजे असं सहसा नसतं, पण कागदावर छापलेलं जवळ असावं. दोन कंपन्यांची तिकिटं असतील तर दोन्ही छापून द्यावीत. विमानतळावर आईने मोबाईलमध्ये पीडीएफ शोधत बसावं, अशी वेळ आणू नये.

इथे नावाचा मुद्दा येतो आणि तो सीमाभागाचा खास आहे. आधारवर इनिशियलसकट नाव, पासपोर्टवर वडिलांचं पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, कन्नडमधून इंग्रजीत येताना एखादं अक्षर जास्त. दोनदा बुकिंग म्हणजे नाव टाकण्याच्या दोन संधी आणि चुकण्याच्याही दोन. दोन्ही तिकिटांवरचं नाव ओळखपत्रासमोर धरून अक्षर अक्षर तपासावं.

आणि हे तपासणं त्याच दिवशी व्हावं. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल आणि प्रवास सात किंवा जास्त दिवसांवर असेल, तर २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार २४ तासांत शुल्काशिवाय रद्द करता येत होतं किंवा बदलता येत होतं. ही मुदत ४८ तासांवर नेण्याचा मसुदा डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाला ही सवड गृहीत धरू नये. एजंटाचं एक मात्र लक्षात ठेवावं : ‘कंपनीकडून पैसे आले की देतो’ हे त्याचं उत्तर अर्धंच खरं आहे. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो आणि परताव्याची अंतिम जबाबदारी कंपनीची आहे. रद्द केलेल्या किंवा न वापरलेल्या तिकिटातलेही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं. दोन सुटी तिकिटं असतील तर ते दोन्हीकडे वेगवेगळं मागावं लागतं, आपणहून कुणी आणून देत नाही. दाद लागली नाही तर केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, पण तीही प्रत्येक तिकिटाची वेगळी.

बुकिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक तारीख महत्त्वाची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी विमानांचं हिवाळी वेळापत्रक संपून उन्हाळी सुरू होतं. मोठ्या शहरांत त्याने दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतात. सांबऱ्यासारख्या ठिकाणी वार बदलतात, वेळ सकाळची संध्याकाळ होते, कधी मार्गच गळतो. मार्चमध्ये जाऊन एप्रिलमध्ये परत येणाऱ्यांनी जाण्याचं तिकीट काढायला हरकत नाही. येण्याचं काढण्याआधी, ते विमान नव्या वेळापत्रकात आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर एप्रिलची तारीख टाकून पाहावं. नसेल तर हुबळी आणि मोपाही बघून ठेवावं.